लहान विमानतळ आणि भोवतालची गावे : सोलापूरचा अनुभव

दळणवळणाच्या साधनांचा विस्तार हा प्रादेशिक विकासाचा पाया मानला जातो. रस्ता, लोहमार्ग आणि बंदर यांच्या जोडीला आता जिल्ह्याच्या ठिकाणी विमानतळ असावा, अशी अपेक्षा सर्वत्र व्यक्त होऊ लागली आहे. ही अपेक्षा स्वाभाविक असली, तरी विमानतळ म्हणजे केवळ एक धावपट्टी आणि एक इमारत, असा समज मात्र बराच रूढ आहे. वस्तुस्थिती अशी की, विमानतळ कुंपणाच्या आत बांधला जातो. परंतु तो सुरक्षितपणे चालतो की नाही, हे कुंपणाबाहेरच्या कित्येक किलोमीटरच्या परिसरात काय बांधले जाते, काय टाकले जाते आणि काय जोपासले जाते, यावर अवलंबून असते. या परिसराचा कारभार नगरपालिका, महानगरपालिका, ग्रामपंचायती आणि महसूल यंत्रणा यांच्या हाती असतो. म्हणूनच लहान विमानतळाचा विकास हा जितका विमानवाहतूक खात्याचा विषय आहे, तितकाच तो स्थानिक स्वराज्य संस्थांचाही विषय आहे. सोलापूर येथील विमानतळाचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

तयार धावपट्टी, पण विमान नाही

सोलापूर शहराच्या आग्नेयेस होटगी रस्त्यावर हा विमानतळ आहे. चादरी व टॉवेल यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेले हे शहर पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर या तीर्थक्षेत्रांना जवळचे आहे. डाळिंबाच्या लागवडीसाठी जिल्ह्याचा लौकिक असून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. अशा शहरात धावपट्टी पूर्वीपासून उपलब्ध होती. एका खासगी कंपनीने काही काळ मुंबई–सोलापूर अशी विमानसेवाही चालविली. ती बंद पडल्यानंतर मात्र नियमित सेवा पुन्हा सुरू होण्यास अनेक वर्षे लागली.

केंद्र शासनाने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रादेशिक हवाई संपर्क योजना, म्हणजेच ‘उडान’ योजना जाहीर केली. तिच्या पहिल्या फेरीत सोलापूरचे नाव आले. तथापि सेवा सुरू होऊ शकली नाही. विमानतळापासून जवळच कुमठे येथे श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानाच्या मार्गात अडथळा ठरत होती. हा प्रश्न कार्यालये आणि न्यायालये यांच्यापुढे वर्षानुवर्षे राहिला.

या वादात दोन्ही बाजूंना खऱ्या हितसंबंधांचा आधार होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. शहरातील उद्योजक, व्यापारी व नागरिक यांना विमानसेवेअभावी गुंतवणूक आणि रोजगार अन्यत्र जात असल्याची खंत होती. दुसरीकडे कारखान्याच्या हजारो सभासदांचा ऊस, त्याचे गाळप आणि विजेपासून मिळणारे उत्पन्न चिमणीशी जोडलेले होते. एकीकडे शहराची आकांक्षा, तर दुसरीकडे शेतकऱ्याचा संसार, असे या प्रश्नाचे स्वरूप झाले. दोन्ही बाजूंनी आंदोलने झाली. अखेर १५ जून २०२३ रोजी ही चिमणी नियंत्रित पद्धतीने पाडण्यात आली.

कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेली वास्तू पाडावी लागणे, ही कोणाच्याही दृष्टीने आनंदाची गोष्ट नव्हती. असा प्रसंग टाळण्याची खरी वेळ बांधकामापूर्वीची असते. त्यासाठी उंचीचा हिशेब कसा केला जातो, हे स्थानिक कार्यकर्त्यांना माहीत असणे अगत्याचे आहे.

उंचीचा हिशेब

विमान आकाशातून एकदम खाली येत नाही. ते लांबून, अगदी मंद उताराने धावपट्टीकडे येते. या मार्गाखाली एक कल्पित उतरता पृष्ठभाग धरला जातो आणि कोणतीही वस्तू त्याच्या वर येऊ नये, असा नियम असतो. मध्यम लांबीच्या आणि उपकरणांच्या साहाय्याने वापरल्या जाणाऱ्या धावपट्टीसाठी आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हा पृष्ठभाग धावपट्टीच्या टोकापलीकडे ६० मीटर अंतरावर सुरू होतो आणि पहिल्या तीन किलोमीटरपर्यंत दर ५० मीटरला १ मीटर या प्रमाणात चढत जातो. म्हणजे त्याच्या आरंभापासून एक किलोमीटरवर २० मीटर, दोन किलोमीटरवर ४० मीटर आणि तीन किलोमीटरवर ६० मीटर, अशी मर्यादा येते. शिक्षकांना समरूप त्रिकोणांचा पाठ शिकविताना हे उदाहरण सहज घेता येईल.

याखेरीज धावपट्टीच्या चहूबाजूंना साधारणतः चार किलोमीटरच्या परिघात ४५ मीटर उंचीवर एक आडवा कल्पित पृष्ठभाग मानला जातो. विमानाला उतरण्यापूर्वी घिरटी घालावी लागली, तर हा भाग निर्वेध असावा, हा त्यामागील हेतू होय. त्याच्या बाहेरील कडेपासून दर २० मीटरला १ मीटर याप्रमाणे वर चढत जाणारा शंकूच्या आकाराचा पृष्ठभाग असतो. नव्वद मीटरची चिमणी या परिघात का बसू शकत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

येथे एक बाब वारंवार दुर्लक्षित होते. ही उंची जमिनीपासून नव्हे, तर समुद्रसपाटीपासून मोजली जाते. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर आहे. त्यात ४५ मीटर मिळविल्यास ५२५ मीटर ही मर्यादा मिळते. समजा, चार किलोमीटरच्या परिघातील एखाद्या गावची जमीनच ५०० मीटर उंचीवर असेल, तर तेथे वास्तूला, तिच्यावरील पाण्याची टाकी, वीजरोधक व मनोरा यांसह, फक्त २५ मीटर उरतात. सखल भागात जी इमारत चालते, तीच टेकाडावर अडथळा ठरू शकते.

यासंबंधीचे नियम केंद्र शासनाने २०१५ मध्ये नव्याने प्रसिद्ध केले. भारतीय विमानतळ प्राधिकरण विमानतळांच्या परिसराचे रंगीत नकाशे तयार करते. कोणत्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्थेला परवानगी देता येईल आणि कोणत्या पट्ट्यात प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावेच लागेल, हे त्यांवरून कळते. परवानगीचा अर्ज हाती आल्यावर प्रथम हा नकाशा पाहणे, ही सवय अंगी बाणली तर पुढील अनेक वाद उद्भवणारच नाहीत. घर किंवा इमारत यांकडे लक्ष जाते. परंतु भ्रमणध्वनीचे मनोरे, विजेचे उंच खांब, कारखान्यांची धुराडी आणि उंच वाढणारी झाडे यांनाही हाच हिशेब लागू आहे.

धावपट्टीची लांबी कशी ठरते

‘धावपट्टी आहे, मग विमान का येत नाही ?’ हा प्रश्न ग्रामसभांतूनही विचारला जातो. त्याचे उत्तर हवेच्या गुणधर्मांत आहे. विमानाला उचलून धरणारे बल हवेच्या घनतेवर अवलंबून असते. उंच ठिकाणी हवा विरळ असते आणि उन्हाने तापली म्हणजे ती आणखी विरळ होते. विरळ हवेत तेवढेच बल मिळविण्यासाठी विमानाला अधिक वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी धावपट्टी अधिक लांब लागते.

हा फरक मोजण्याची सर्वमान्य रीत अशी : समुद्रसपाटीपासूनच्या दर ३०० मीटर उंचीमागे लांबी ७ टक्क्यांनी वाढवावी, त्यानंतर त्या उंचीवरील प्रमाण तापमानापेक्षा स्थानिक तापमान जितके अंश सेल्सिअस अधिक, तितके टक्के पुन्हा वाढवावी, आणि जमिनीच्या चढउतारासाठी आणखी भर घालावी. उदाहरणादाखल एखाद्या विमानाला समुद्रकाठी, प्रमाण हवेत १,३०० मीटर धावपट्टी पुरते, असे धरू. ४८० मीटर उंचीसाठी ११.२ टक्के वाढविल्यास ही लांबी सुमारे १,४४६ मीटर होते. त्या उंचीवर प्रमाण तापमान १२ अंश येते. सोलापूरच्या मे महिन्याचे दुपारचे तापमान ४० अंश धरल्यास फरक २८ अंशांचा, म्हणून आणखी २८ टक्के. अशा रीतीने १,३०० मीटरची गरज सुमारे १,८५० मीटरपर्यंत पोहोचते. एकूण वाढ इतकी मोठी असेल, तेव्हा प्रत्यक्षात त्या विमानाच्या कार्यक्षमतेचा स्वतंत्र अभ्यास केला जातो. पण प्रश्नाचे स्वरूप या साध्या गणितावरूनही ध्यानात येते.

धावपट्टी अपुरी असल्यास विमानाला प्रवासी, सामान किंवा इंधन कमी घ्यावे लागते. रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक आसनाचा भार उरलेल्या प्रवाशांच्या भाड्यावर अथवा शासनाच्या अनुदानावर पडतो. धावपट्टीच्या विस्तारासाठी जमिनीची मागणी का होते, याचे उत्तर येथे आहे. अमरावतीजवळील बेलोरा येथील धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि त्यानंतर १६ एप्रिल २०२५ रोजी तेथून मुंबईची विमानसेवा सुरू झाली.

अडथळा दूर झाल्यानंतरची कामे

चिमणी पडली म्हणजे विमान दुसऱ्या दिवशी उतरेल, अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे गेली. या काळात धावपट्टी व अन्य सुविधांची सुधारणा करण्यात आली. जुन्या प्रवासी इमारतीचे नूतनीकरण होऊन तिची क्षमता वर्षाला सुमारे ४.१ लाख प्रवाशांची झाली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे विमानतळाचे उद्घाटन झाले. ९ जून २०२५ रोजी सोलापूर–गोवा आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सोलापूर–मुंबई या सेवांना आरंभ झाला.

उद्घाटन आणि पहिले उड्डाण यांत अंतर पडण्यामागे कारणे असतात. प्रवासी वाहतुकीसाठी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्यापूर्वी धावपट्टीचा पृष्ठभाग, तिच्या दोन्ही अंगांची सपाट व मोकळी जागा, खुणा व दिवे, हवामानाची माहिती, सुरक्षा तपासणी आणि अग्निशमन यांची पाहणी होते. विमानाच्या लांबी-रुंदीवरून अग्निशमन व्यवस्थेचा वर्ग ठरतो. त्यानुसार बंब, पाणी, फेस आणि प्रशिक्षित माणसे हजर नसतील, तर विमान उतरविता येत नाही. परवान्यानंतर कंपनीला विमान, वैमानिक आणि मोठ्या विमानतळावर उतरण्याची वेळ मिळवावी लागते. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर अशी वेळ मिळणे ही लहान शहरांची कायमची अडचण आहे.

विमानसेवेचे अर्थकारण

सेवा सुरू होणे आणि ती टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘उडान’ योजनेच्या मूळ रचनेत सुमारे एक तासाच्या किंवा ५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी विमानातील साधारण निम्म्या आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले. यामुळे कंपनीला येणारी तूट तीन वर्षांपर्यंत ‘व्यवहार्यता तफावत निधी’तून भरून द्यावयाची, त्यातील ८० टक्के वाटा केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याने उचलावयाचा, असे ठरले. राज्यांनी विमान इंधनावरील कर १ टक्का किंवा त्याहून कमी ठेवावा, पोलीस व अग्निशमन सेवा विनामूल्य द्याव्यात आणि वीज-पाणी सवलतीच्या दराने पुरवावे, अशाही अपेक्षा होत्या. योजनेचे पहिले उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली मार्गावर झाले. त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवेचाही प्रारंभ करण्यात आला, हे महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

या योजनेने अनेक शहरे प्रथमच हवाई नकाशावर आली. तथापि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ च्या अहवालाने दुसरी बाजूही दाखविली. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत देण्यात आलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ मध्ये त्यांपैकी ५४ मार्गच चालू होते. अनुदानाचा आधार संपताच प्रवासी संख्येची खरी कसोटी लागते, असा याचा अर्थ होतो.

सोलापूरपुढेही हीच कसोटी आहे. मुंबई–सोलापूर हे रेल्वेचे अंतर सुमारे ४५५ किलोमीटर आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या वंदे भारत गाडीने ते सुमारे साडेसहा तासांत कापणे शक्य झाले. पुण्याला जाण्यासाठी चौपदरी महामार्ग आहे. विमानतळावर जाणे, तपासणी आणि मुंबईत उतरल्यावरचा प्रवास हे सारे धरल्यास विमानाचा लाभ कोणाला आणि किती, याचा विचार प्रवासी करणारच. वेळेला विशेष किंमत असलेला उद्योजक, उपचारासाठी जाणारा रुग्ण आणि दूरच्या राज्यांतून येणारा भाविक हे या सेवेचे स्वाभाविक ग्राहक होत. गोवा किंवा अन्य दूरच्या शहरांशी थेट संबंध जोडला गेल्यास विमानाची उपयुक्तता अधिक वाढते. प्रारंभीची तूट लक्षात घेऊनच राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये सोलापूर–पुणे–मुंबई मार्गासाठी व्यवहार्यता तफावत निधी देण्याचा निर्णय घेतला. सार्वजनिक पैशातून मिळालेल्या या मुदतीत प्रवासी वर्ग तयार करणे, ही जिल्ह्यातील संस्थांची जबाबदारी ठरते. अक्कलकोट, पंढरपूर व तुळजापूर यांना विमानाच्या वेळेशी जुळणाऱ्या बसगाड्यांची जोड देणे, हा त्यातील सर्वांत सोपा आणि कमी खर्चाचा उपाय होय.

पक्षी, कचरा आणि ग्रामपंचायत

उंचीइतकाच महत्त्वाचा, पण कमी चर्चिला जाणारा धोका पक्ष्यांचा आहे. उड्डाण करताना किंवा उतरताना घार, कावळा अथवा पारव्यांचा थवा इंजिनात वा पंख्यावर आदळल्यास मोठी हानी होऊ शकते. पक्षी विमानतळाजवळ येतात ते अन्नासाठी. उघड्यावर टाकलेला कचरा, मांसविक्रीतील टाकाऊ भाग, मेलेली जनावरे आणि साचलेले सांडपाणी ही त्यांना मिळणारी आमंत्रणे होत. विमान नियम, १९३७ मधील ९१ व्या नियमानुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या परिघात पक्ष्यांना आकर्षित करील अशा रीतीने उघड्यावर कत्तल करणे किंवा घाण व कचरा टाकणे यांस मनाई आहे. दहा किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्रफळ तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक भरते. एवढ्या क्षेत्रावर विमानतळाचे कर्मचारी लक्ष ठेवू शकणार नाहीत. ते काम तेथील ग्रामपंचायती आणि नगरसंस्था यांचेच आहे.

याचा अर्थ पशुपक्ष्यांना शत्रू मानावे, असा मात्र नव्हे. सोलापूरसाठी बोरामणी येथे मोठा नवा विमानतळ उभारण्याच्या उद्देशाने जमीन संपादन करण्यात आली, तेव्हा वनजमिनीचा प्रश्न पुढे आला. नान्नजचा परिसर दुर्मिळ माळढोक पक्ष्यासाठी प्रसिद्ध आहे. विकासाची जागा निवडताना माळरानाचाही हिशेब करावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

स्थानिक संस्थांची कर्तव्ये

विमानतळाच्या शेजारील ग्रामपंचायतींनी काही गोष्टी आवर्जून कराव्यात. उंचीच्या मर्यादेचा नकाशा पंचायतीच्या कार्यालयात दर्शनी लावावा आणि ग्रामसभेत तो समजावून सांगावा. मनोरा, टाकी वा कारखान्याचे धुराडे यांचा प्रस्ताव आल्यास काम सुरू होण्यापूर्वी ना हरकत प्रमाणपत्र पाहावे. ओला कचरा उघड्यावर न टाकता त्याचे खत करावे. मृत जनावरांची विल्हेवाट वेळीच लावावी. धावपट्टीच्या टोकाकडील शेतांत पाचट जाळल्यास धुराने दृश्यमानता घटते, हे शेतकऱ्यांना सांगावे. मोकाट जनावरे कुंपणाच्या आत जाऊ नयेत आणि कुंपण कोठे तुटले असल्यास ते त्वरित कळवावे. शाळांतून विमानतळाची सहल काढताना उंची, घनता व तापमान यांचा अभ्यास घेतल्यास ही माहिती घरोघर पोहोचेल.

महसूल आणि नियोजन अधिकाऱ्यांवरील जबाबदारीही तितकीच मोठी आहे. जमीन देणाऱ्या शेतकऱ्यास मोबदला वेळेवर मिळणे, त्याच्या शेताकडे जाणारा जुना रस्ता कुंपणामुळे बंद झाल्यास पर्यायी वाट देणे आणि बांधकामावरील निर्बंधांची माहिती जमिनीच्या व्यवहारापूर्वीच उपलब्ध करून देणे, या बाबी लहान वाटल्या तरी प्रकल्पाविषयीचा विश्वास त्यांवरच उभा राहतो.

सोलापूरला एका चिमणीने अनेक वर्षे अडविले, असे म्हटले जाते. अधिक नेमकेपणाने सांगावयाचे, तर एक वास्तू आणि एक धावपट्टी यांचा विचार एकाच नकाशावर वेळीच झाला नाही, म्हणून शहराची विमानसेवा लांबली आणि शेतकऱ्यांच्या संस्थेला आपली वास्तू गमवावी लागली. राज्याच्या अन्य जिल्ह्यांत विमानतळांची कामे हाती घेतली जात असताना हा धडा विसरून चालणार नाही. परवानगीचा कागद स्वाक्षरीसाठी समोर येतो, त्या क्षणी परिसराचा नकाशा उघडून पाहण्यास काही मिनिटे पुरतात. तेवढी दक्षता सरपंचांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांनी घेतली, तर शेतकऱ्याचा कारखाना आणि शहराचा विमानतळ हे परस्परांचे प्रतिस्पर्धी न राहता एकाच जिल्ह्याच्या उत्कर्षाची दोन साधने ठरतील.